फुल तिकीट

“सत्यशीला, तुला अर्धंच ना?” देवानंद कंडक्टर मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, आणि अख्खी बस मागं वळून बघायला लागली.

अंगदनं पैसे पुढं धरले. “जालना. एक फुल.”

“सरकार बायांना अर्ध्यात नेऊन राह्यलं, तुला कामून नको?”

“फुल दे म्हन्लं ना!”

देवानंदनं महिलेचंच तिकीट काढलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं. दोघं तीर्थपुरीच्या शाळेत एका वर्गात होते. तेव्हा अंगदला दोन वेण्या घालाव्या लागायच्या. पुढं त्यानं वेण्या कापल्या, स्वतःचं नाव स्वतः ठेवलं, औषधोपचारानं मिशाही आल्या. आधार कार्डावर मात्र अजून सत्यशीलाच होती. नावात सत्य, आणि तेच नाव खोटं! विहिरीवरची मोटार जळाली की हीच माणसं ‘अंगद मिस्तरी’ करत दारात उभी राहायची. काम झालं की गरज सरो, वैद्य मरो. परवाच त्याच्याकडून जळालेली मोटार दुरुस्त करून नेलेला कडूबा सगळ्यांत मोठ्यानं हसत होता.

अंबडला तपासनीस चढले. तिकीट पाहून त्यांनी विचारलं, “हे बाईचं तिकीट. बाई कुठंय?”

“बाई न्हाईच, साहेब. कधीच नव्हती.”

देवानंद धावत आला. प्रकरण आता त्याच्यावर शेकणार होतं. “साहेब, बाईच हाय ती! आधार बघा, खिशात आसंल!”

खिशात होतंच. दाखवलं असतं तर तिथंच सुटका होती. पण मग जालन्याला सत्यशीलाच उतरली असती. अंगदनं खिशावर हात दाबून धरला.

“आधार न्हाई आणलं. दंड लावा.”

“पुरुषासारखा पुरुष, अन् बाईच्या तिकिटावर फिरतो? लाज नाही वाटत?” तपासनीस कडाडले. “नाव सांग.”

“अंगद आबाराव गाढे.”

त्यांनी पावती फाडली आणि देवानंदचा जबाब लिहून घेतला. आता कुणी हसत नव्हतं.

जालन्याला उतरून अंगदनं पावती वाचली. ‘श्री. अंगद आबाराव गाढे.’ चौतीस वर्षांत सरकारी कागदावर त्याचं खरं नाव पहिल्यांदा आलं, तेही चोर म्हणून. थू असल्या न्यायावर! त्यानं पावतीला घडी पडू दिली नाही. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ती काउंटरवर ठेवली.

“ह्याला लॅमिनेशन करा.”

“दंडाच्या पावतीला?”

“हाव. बराबर करा, नाव कुठं कापू नका.”