काचेवरचं नाव

"गुलाबी कुठंय?" सर परीक्षानळी उजेडात धरून ओरडले. नळीतलं पाणी पिवळंच होतं.

आमचा जिवाणू गवताच्या मुळात राहतो आणि मुळं वाढवणारं संप्रेरक तयार करतो. ते असलं, की रसायनाचे थेंब पडताच पाणी गुलाबी होतं. प्रयोगशाळेतल्या मावशी निवृत्त झाल्यापासून रंग फिका होत होत आता गायबच झाला होता, आणि पुढच्या आठवड्यात तपासणीला पाहुणे यायचे होते.

मावशींचं काम कागदोपत्री बाटल्या धुण्याचं. पण जिवाणूंच्या काचेच्या बश्या भरणं, जपणं सगळं त्यांच्याकडेच. धुण्याच्या नळाखालचं गवत एवढं का फोफावतंय, हा प्रश्नही त्यांनाच पडला. त्यांनी ते मुळासकट उपटून सरांच्या टेबलावर ठेवलं. त्याच मुळांत हा जिवाणू सापडला, शोधनिबंध मात्र सरांचा झाला. टाइप मी केला. "मावशींचं नाव घालू?" असं विचारलं, तर सर म्हणाले, "उद्या झाडूवालीचंही घालशील." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

"जा, त्यांना विचारून ये," सर आता म्हणाले. गरज सरली तेव्हा वैद्य मेला होता. आता त्याचं घर शोधत मी निघाले.

मावशी घरी भांडी घासत होत्या. रंग गेल्याचं मी सांगितलं.

"इतके महिने बशीतच ठेवलात ना? अगं, आयतं खाऊन कोण काम करील? मी दर दोन महिन्यांनी त्याला गवताच्या मुळात सोडायची अन् पुन्हा काढून घ्यायची. माहेरी जाऊन आल्यासारखा ताजा व्हायचा."

"सरांना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की! म्हणाले, मावशी, चहा आणा."

नळाखालचं गवत पाहुण्यांसाठी परवाच खरवडून काढलं होतं. हे ऐकून मावशींनी हात धुतले. खिडकीत लावलेला त्याच गवताचा डबा त्यांनी पिशवीत घातला. "त्या बिचाऱ्या जिवाणूचा काय दोष?" म्हणाल्या आणि चपला घातल्या.

पाचव्या दिवशी नळी गुलाबी झाली. सरांनी खुशीत बशी उचलली. झाकणावर मावशींनी आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, गोल, सावकाश अक्षरात. सरांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि घासलं. पुन्हा जोरात घासलं.

"राहू द्या सर," मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या. "काच कोरायच्या पेनानं लिहिलंय. तीस वर्षं या बश्या मी घासल्यात. ते निघत नसतं."