डिस्क राहू दे

बायको जाऊन वर्ष होत आलं, तरी तिच्या गाडीचा आवाज त्याच्या कानातून जाईना. कोपऱ्यावर ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून लांबलचक किंचाळी निघायची. ती ऐकली की हातातलं काम टाकून तो दार उघडायला उठायचा. आता गाडी मुलगी चालवायची. आईच्या आजारपणात ती घरी राहायला आली, ती राहिलीच. आवाज तोच होता आणि तो उठायचाही तसाच.

शेवटी मुलीनेच गाडी गॅरेजला घातली आणि त्यालाही ओढत नेलं.

मेकॅनिकने पुढचं चाक उतरवलं. त्यामागच्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, माप लावलं आणि कपाळावर हात मारला.

“काका, ही डिस्क आहे की पत्र्याची ताटली? कमीत कमी किती जाडी हवी ते कडेलाच कोरलेलं असतं. ही त्याच्याही खाली गेलीय. घासून सपाट करावी म्हटलं तर अंगात मांस उरलं नाही.”

“मग?”

“डिस्क आणि ब्रेक मारला की तिला दाबून धरणारे पॅड, सगळं नवीन. भोकं पाडलेल्या डिस्क हौशी लोक नेतात, तुम्हाला साध्याच बऱ्या. पॅड सिरॅमिकचे घ्या. चूं करणार नाहीत.”

तो वाकून बघत राहिला. डिस्कवर इतके खोल चरे पडले होते की नख अडकत होतं.

“नुसते पॅड बदला,” तो म्हणाला. “डिस्क राहू दे.”

“पॅड बसतील हो, पण चऱ्यांवर नीट टेकणार नाहीत. गाडी लवकर थांबणार नाही. वर केकाटेल, ते वेगळंच.”

“आवाज येईल म्हणता?”

“येईल म्हणजे? तिसऱ्या गल्लीत झोपलेलं पोर उठेल!”

“मग तसंच करा.”

मेकॅनिक मुलीकडे बघायला लागला. आवाज घालवा म्हणून भांडणारी गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ पाहिली होती. हे उलट्या खोपडीचं निघालं.

“बाबा, चिकटपणा कुठे करायचा याला काही सुमार? गाडी मी चालवते. थांबायला नको ती?”

“तू सावकाश चालव.”

बोलला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण शब्द काही मागे घेतला नाही.

मुलीने दंडाला धरून त्याला टायरांच्या थप्पीमागे नेलं.

“आईसाठी ना?”

तो वरच्या टायरच्या खाचेत बोट फिरवत राहिला.

“रोज बघते मी, बाबा. ब्रेक वाजला की तुम्ही धावत दार उघडता. चेहरा कसा फुललेला असतो. मग समोर मी दिसते आणि तुमचं तोंड उतरतं. मी माझ्या घरी येते की चुकून दुसऱ्याच्या, तेच कळेनासं झालंय.”

हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तो मेकॅनिककडे परत गेला.

“सगळं नवीन टाका. पॅड ते न वाजणारे.”

“आता कसं शहाण्यासारखं बोललात!”

जुनी डिस्क सुखासुखी निघेना, गंजून चिकटली होती. मेकॅनिकने हातोडी घेतली. प्रत्येक घावाला बाकड्यावर बसलेल्या त्याचे खांदे आखडत होते. शेजारी मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. फोन बंदच होता.

डिस्क खाली पडली तसं त्याने विचारलं, “कामावरून कितीला सुटतेस गं तू?”

“सहाला. का?”

“निघालीस की फोन करत जा.”