चिंचोका चिकटवलेली बिल्डिंग

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे, पण मला रद्दी म्हणाल तर डोकं फिरेल माझं. नाशकात मेन रोडमागच्या बोळात ती पार्किंगची बिल्डिंग आहे ना, खाली दुकानांचे गाळे आणि वर दोन मजले गाड्यांचे? तिच्याआधी मी झालो. मी तिचा नमुना. माझ्याकडं बघून तिला बांधलं.

अठ्ठ्याहत्तर साली गोरक्षनं मला बनवलं. गोरक्ष म्हणजे नकाशे काढणारा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला माणूस. पुठ्ठा, डिंक आणि काड्यापेटीच्या काड्यांचे कठडे. दहा दिवस तो माझ्यावर वाकून होता. जागेचे मालक खंडेराव शेठ. त्यांनी मला तिथंच, रस्त्याकडेला स्टुलावर ठेवलं, गाळे घेणाऱ्यांना दाखवायला. येणारा जाणारा वाहवा करायचा. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू.

मग फुलाबाई आली. मखमलाबादहून पाटी घेऊन येणारी, त्याच कोपऱ्यावर वीस वर्षं मेथी-कोथिंबीर विकणारी. बाजारात जागा धरायला वीट ठेवतात. माणूस नसला तरी त्या विटेला कोणी हात लावत नाही. फुलाबाईची वीट जिथं असायची, नेमका तिथंच माझ्यावर गाड्या चढायचा रॅम्प होता. तिनं मला चारी बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, "आन् मी कुठं हाय ह्याच्यात?"

शेठ म्हणाले, बांधून होऊ दे, मग बघू. हे 'मग बघू' ऐकलं की मला वाळवी लागल्यासारखं होतं. फुलाबाईनं पाटीतल्या चिंचेचा एक चिंचोका काढला आणि रॅम्पच्या तोंडाशी ठेवला. जागा धरली. शेठनी टिचकीनं उडवला. दुसऱ्या दिवशी दुसरा चिंचोका. तिसऱ्या दिवशी तिसरा. गोरक्ष वैतागला, ही बाई माझं काम बिघडवते म्हणाला. तिला चार शब्द सुनावायला कोपऱ्यावर गेला, तो दुपारपर्यंत तिथंच बघत उभा राहिला.

परत आला तो सरळ शेठकडं. "शेठ, गिऱ्हाईक आधी मेथीपाशी थांबतं, मग दुकानाकडं वळतं. तिला उठवलं तर तुमच्या गाळ्यांपुढं थांबणार कोण?"

शेठ दोन दिवस फुगून बसले आणि मग हो म्हणाले. गोरक्षनं ब्लेड घेतलं. माझा रॅम्प उपटून मागच्या गल्लीत लावला. दुखलं, पण बरं वाटलं. रस्त्याकडेला नखभर उंच ओटा केला, वर छज्जा. आणि ओट्यावर डिंकानं पक्का चिकटवला एक चिंचोका.

ब्याऐंशीला बिल्डिंग उभी राहिली. मला काचेच्या पेटीत घालून वॉचमनच्या खोलीत, ओट्याकडच्या खिडकीपाशी ठेवलं. वाटलं, मिटलं आता. कसलं मिटतंय. वरचे दोन मजले मोकळे, तिथं कबुतरं नांदतात. आणि स्कूटर, लुना, राजदूत, सगळं ओट्यावर. का, तर रॅम्प चढायचा कंटाळा. 'दोनच मिनटं मावशी' म्हणतात आणि तासभर गायब होतात. फुलाबाई सरकत सरकत गटारीला टेकली. मला हात असते ना, एकेक गाडी ढकलून दिली असती.

एका बुधवारी हद्द झाली. वीट बाजूला सारून तिथं स्कूटर लावलेली, तीही खुद्द खंडेराव शेठची. फुलाबाई भांडली नाही. तिनं सीटवर ओलं गोणपाट टाकलं आणि वर मेथीच्या जुड्या रचल्या. हँडलला शेवग्याच्या शेंगा बांधल्या, पाय ठेवायच्या जागी लिंबं मांडली. ही गर्दी झाली. गाळेवाले बाहेर येऊन बघायला लागले.

शेठ आले. "फुलाबाई, गाडी काढायचीय."

"काढा की. दोनच मिनटं थांबा, माल संपू द्या."

लोक हसले. शेठ लालबुंद झाले, पण उभे राहिले, शेवटची जुडी जाईपर्यंत. मग स्कूटर काढली, आणि जाताना वीट स्वतः उचलून जागेवर ठेवली. तेव्हापासून त्यांची गाडी वर असते. बाकीचे मात्र ढिम्म.

आता माझी काच फुटलीय. माझे वरचे दोन्ही मजले गळून पडले, कठडे उंदरांनी नेले. चिंचोका तेवढा हलला नाही. फुलाबाई रोज सकाळी खिडकीतून हात घालून त्याच्यावरची धूळ अंगठ्यानं पुसते, मग वीट ठेवते.

मित्रांनो, मला कोणी पुसलं नाही तरी चालेल. पण गाडी घेऊन आलात तर आधी खाली बघा. वीट दिसली की मुकाट्यानं वर जा. चाकं तुमच्या गाडीला आहेत, तिच्या पाटीला नाहीत.