दारातली फळी

ड्रायव्हरने खिशातून एक छोटं चाक काढलं आणि दुकानातल्या नमुन्याच्या फळीवर ते पुढेमागे फिरवलं. मग दुसऱ्या फळीवर. काउंटरवरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. सामान न्यायला आलेला मिस्त्री तेवढा हसला नाही.

"चाकाच्या खुर्चीचं आहे," ड्रायव्हर म्हणाला. "पुढचं. मुलीच्या."

एकोणीस वर्षांची मुलगी. अपघातात कमरेखालचं सगळं लुळं पडलं होतं. आई तिच्यापाशी हॉस्पिटलात बसून असायची, आणि बाप घर तयार करत होता. फरशीच्या सांध्यांवर खुर्ची गचके खाईल, म्हणून लाकडी जमीन. रंग मुलीनेच फोटो बघून निवडला, मधासारखा.

"मला म्हणते, बाबा, खुर्चीतून पडले की तोंड त्याच्यावरच आपटणार. दिसायला तरी बरी आणा." ड्रायव्हर हसला आणि त्याने चाक पुन्हा खिशात टाकलं.

काम मिस्त्रीने घेतलं. बत्तीस वर्षं तो लोकांच्या घरी लाकडी जमीन बसवत होता. त्याचा एक नियम होता : मान खाली, फळीला फळी. गिऱ्हाइकाच्या घरात काय चाललंय, आपल्याला काय करायचंय? या घरात मात्र ते जमेना. ड्रायव्हर रजा काढून जवळच बसायचा, एकेक फळी पुसून हातात द्यायचा. दाराचा उंबरठा काढून तिथेही सपाट फळी बसवायची, हे त्याने तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हरचा फोन वाजला. हॉस्पिटलातून बायको होती. मुलीला तीन दिवस ताप होता, एवढं मिस्त्रीला माहीत होतं.

"हो," ड्रायव्हर म्हणाला. "हो." बराच वेळ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू आधी खाली बस. कुणाला तरी पाणी माग. मी निघालोच."

फोन त्याने खिडकीत पालथा ठेवला. मिस्त्रीने न विचारता हत्यारं गोळा करायला घेतली.

"हे काय करताय?"

"जातो, साहेब. काम काय, नंतरही होईल."

"साहेब कसला, बस चालवतो मी. किती राहिलंय?"

"पाच ओळी. आणि दार."

"उरकून टाका. सकाळी आणतील तिला. तिच्याच खोलीत येऊ दे."

"ग्लू ओला असेल हो," मिस्त्री सवयीने बोलून गेला. "चोवीस तास पाय ठेवायचा नाही."

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं. "ती कुठे पाय ठेवणार आहे?"

किल्ली मिस्त्रीच्या हातात देऊन तो गेला.

थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीत शेजारीपाजारी जमू लागले. कुणीतरी रडत होतं. मिस्त्रीने मशीन बंद केलं आणि उरलेल्या फळ्या हातकरवतीने कापल्या. अर्ध्या तासाच्या कामाला तीन तास लागले. दारातली फळी सगळ्यात शेवटी बसवून, संध्याकाळी शेजारणीकडे किल्ली देऊन तो घरी गेला. बायकोने विचारलं, "झालं काम?" तो जेवायलाही बसला नाही.

सकाळी त्याचं तिथे काहीच काम नव्हतं. तरी तो गेला आणि दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला. नऊ वाजता गाडी आली. चौघांनी तिला उचलून खोलीच्या दाराशी आणलं. पुढे ड्रायव्हर होता. त्याचा पाय पडताच दारातली फळी सरकली. एवढीशीच, पण ओझं घेतलेल्या माणसाला पाडायला तेवढं पुरे होतं.

मिस्त्री खाली बसला. दोन्ही तळहात फळीच्या दोन टोकांवर दाबून धरले.

"या," तो म्हणाला. "सावकाश या."

चौघे गेले. मागून नातेवाईक गेले, बसडेपोतली माणसं गेली. एकाचा बूट त्याच्या बोटांवर पडला. हात त्याने हलवले नाहीत.

आई सगळ्यांच्या मागे होती. या माणसाला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. दाराशी ती थांबली. पाऊल पुढे पडेना.

"या ना, ताई," मिस्त्री मान वर न करता म्हणाला. "मी धरलंय."