दोनदा ओढून पाहिलेलं कुलूप

मी लाल रंगाचं एक कुलूप बोलतोय. माझी कडी कापलेली आहे, तेव्हा आवाज जरा खरखरीत येईल. सांभाळून घ्या.

कुणाची तिजोरी राखणं हे माझं काम नव्हतं. रेल्वेच्या रुळांवरच्या विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक कामगाराला स्वतःचं एक कुलूप मिळतं. तारेपाशी चढण्याआधी खालचा स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं कुलूप लावायचं. किल्ली एकच, ती आपल्या खिशात. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. माणूस वर आहे तोवर वीज येणार नाही, याची हमी म्हणजे मी.

माझा मालक ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. मला लावलं की तो दोनदा खाली ओढून बघायचा, मगच चढायचा.

"घराचं कुलूप कधी ओढून बघत नाहीस ते," बायको टोमणा मारायची.

"घर राखायला तू आहेस की. तिथं मला हेच आहे."

नऊ वर्षं मी त्याला राखलं.

एका दुपारी गाड्या खोळंबल्या. साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. "झालं असेल त्याचं," म्हणाले आणि लांब दांड्याच्या कात्रीनं माझी कडी कापली. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही! स्विच चालू झाला. शिडी खाली आला तो कोसळूनच. दोन्ही हात भाजलेले. आणि मी? भंगाराच्या पिंपात.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, "तो कुलूप लावायलाच विसरला. हलगर्जीपणा त्याचा, उपचारही त्याचे त्यानं बघावेत. अशा माणसाला कामावर ठेवू नये."

विसरला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पिंपातून ओरडून कोण ऐकणार?

ऐकलं ते युनियनच्या ताईंनी. त्या स्वतः तारेवर काम केलेल्या. कामाची पाळी संपल्यावर कोपरापर्यंत हात घालून त्यांनी पिंप उपसलं आणि पुढच्या सुनावणीत मला टेबलावर आदळलं.

साहेब हसले. "ताई, असली कुलपं भंगारात पोत्यानं पडलीत."

"पडू देत. वहिनी, किल्ली द्या."

शिडीच्या बायकोनं रुमालाची गाठ सोडली. इस्पितळात नवऱ्याच्या जळक्या कपड्यांबरोबर तिला ती मिळाली होती. मी गंजलो होतो. मनात म्हटलं, एवढं एकदा फिरू दे. फिरली. खट्!

"खिशात किल्ली असताना कुणी आपलंच कुलूप कापतं का हो, साहेब?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी मला टेबलाच्या कडेला सारलं.

उपचार मंजूर झाले. बसून करायचं कामही मिळालं. हे लेखी हातात पडेपर्यंत ताई खुर्चीवरून उठल्या नाहीत. पण कागदावर कारण काय लिहिलं? 'गैरसमजातून घडलेला अपघात.' कात्री लावण्याला गैरसमज म्हणतात होय?

आता मी युनियनच्या खोलीत खिळ्याला लटकतो. शिडी नव्या कामगारांना शिकवतो. बोटं वळत नाहीत, म्हणून मनगटानंच मला ओढून दाखवतो. दोनदा.

माझं मागणं फार नाही. गाड्या थांबल्या तर थांबू द्या. ज्यानं कुलूप लावलं, त्याला आपल्या पायांनी खाली येऊ द्या.

ती कात्री अजून साहेबांच्या कपाटात आहे. कपाटाला मात्र धडधाकट कुलूप आहे.