साक्षीदाराच्या खांद्यावरची घोंगडी

मित्रांनो, काचेच्या मागून बोलतेय. आवाज कमी आला तर जरा जवळ या. मी एक जुनी घोंगडी आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर टर्नस्टोन नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेच्या सभागृहात, नगराध्यक्षांच्या खुर्चीमागे मला चौकटीत ठोकून ठेवलंय. खाली पितळी पाटी आहे : 'सलोख्याचे प्रतीक. हात लावू नये.' घोंगडीला हात लावायचा नाही, तर मग तिने करायचं तरी काय?

मला विनी नावाच्या बाईने विणलं. ती सेलिश, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांतली. लहानपणी तिला घरातून उचलून सरकारी वसतिशाळेत नेलं होतं. तिथे स्वतःच्या भाषेत बोललं की हातावर पट्टी बसायची. त्या हातांना विणकाम शिकायला चाळिशी उजाडली. लोकर मेंढीची, पण आजोबांनी डोंगरातल्या झुडपांवरून वेचून ठेवलेले रानबोकडाचे केस तिने त्यात मिसळून कातले. लाल रंग आल्डर नावाच्या झाडाच्या सालीचा, पिवळा दगडफुलाचा. माझ्या कडेला हिरव्या धाग्याचं एक बोट रुंद वळण आहे, ते ती चुकली तिथलं. तिने ते उसवलं नाही.

त्यांच्यात एक नियम आहे. रागात मागाला हात लावायचा नाही. रागाने विणलेली घोंगडी पांघरणाऱ्याला टोचते म्हणतात. विनीला तर राग सारखा यायचा. आला की ती उठायची, किनाऱ्यावर जाऊन शिंपल्या खणायची, घामाघूम होऊन परत यायची आणि मग बसायची. म्हणून मला दोन हिवाळे लागले. आज मी तुमच्याशी चिडून बोलतेय, पण माझ्या विणीत रागाचा एक धागा नाही, हे ध्यानात ठेवा.

विनी जिथे शिंपल्या खणायची, त्याच किनाऱ्यावर वरच्या अंगाला तिची माणसं पुरलेली आहेत. तिची पणजीही तिथेच आहे. त्याच वाटेने नगरपालिकेला मैल्याचा नळ न्यायचा होता. तेव्हाचे नगराध्यक्ष सेलिश वस्तीच्या सभा-समारंभाच्या मोठ्या घरात आले, मधल्या आगीजवळ उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला विचारल्याशिवाय त्या किनाऱ्यावर एक फावडंसुद्धा पडणार नाही."

अशा शब्दाचा कागद तिथे करत नाहीत. साक्षीदार नेमतात. त्या दिवशी चार नेमले. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहायचं, कानांनी ऐकायचं, आणि ज्या दिवशी त्याला उभं करून विचारतील त्या दिवशी जसंच्या तसं सांगायचं. एवढंच त्याचं काम, पण ते मरेपर्यंत. त्याची खूण म्हणून त्याच्या खांद्यांवर घोंगडी पांघरतात. चारांतला चौथा नगरपालिकेचा माणूस होता, रस्ते आणि नळांच्या खात्यातला लेनर्ड प्रीस.

मी त्याला मिळणार हे कळल्यावर विनीची लेक डोरीन आदल्या दिवशी फणफणली होती.

"आई, दोन वर्षं डोळे फोडून विणलीस आणि त्या ऑफिसवाल्याला देतेस? आपली नातवंडं काय कुडकुडत बसू देत?"

"नातवंडं विसरली तर त्यांचा कान धरीन," विनी म्हणाली. "त्याचा कान धरता येत नाही, म्हणून खांदा धरतेय."

"आणि तरी विसरला तर?"

"तर घोंगडीवर माशाचं कालवण सांडून ठेवलं होतं म्हणून सांग त्याला. जन्मभर वास येईल."

दोघी खोखो हसल्या. दुसऱ्या दिवशी मला लेनर्डच्या खांद्यांवर टाकून विनीने पिन लावली आणि रिवाजाप्रमाणे साक्षीची म्हणून त्याच्या तळहातावर दोन नाणी ठेवली. मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मला त्याच्या छातीचे ठोके लागत होते. तो खोटा माणूस नव्हता. पण त्याच संध्याकाळी गावात गाडी उभी करताना सुटे नव्हते, म्हणून ती दोन नाणी त्याने पार्किंगच्या यंत्रात टाकली. मी मागच्या सीटवर होते. मी पाहिलं.

मग माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. लेनर्डने मला ऑफिसला देऊन टाकलं. चौकट आली, दिवा आला, पाहुण्यांचे फोटो आले. लोक म्हणायचे, "काय सुंदर काम आहे!" आणि मी फुगायचे. ही माझी चूक मी कबूल करते. अंगावर असायला हवी ती भिंतीवर गेली, आणि मला ते आवडलं.

एकोणीस वर्षं गेली. विनी गेली. बाकीच्या साक्षीदारांतले दोघे वारले, तिसऱ्याची अर्धांगवायूने वाचा गेली. उरला लेनर्ड. ऑफिसात आता प्रत्येक सभेच्या सुरुवातीला एक परिच्छेद वाचतात, की ही भूमी सेलिशांची आहे आणि आम्ही त्यांचे ऋणी आहोत. वाचून झाला की त्याच भूमीवर कुठे काय बांधायचं ते ठरवतात.

मागच्या वसंतात सगळ्या कर्मचाऱ्यांना सेलिशांशी सलोख्याचा दोन दिवसांचा अभ्यासक्रम लावला. वर्ग माझ्याच समोर भरला. शेवटी लेखी परीक्षा. सातवा प्रश्न : साक्षीदाराचे काम काय? लेनर्डने लिहिलं, 'लक्षात ठेवणे आणि विचारल्यावर सांगणे.' पैकीच्या पैकी गुण! स्वागतकक्षातली ट्रूडी त्याला म्हणाली, "लेनर्डराव, कॉपी करू द्यायची ना! मी तिथे 'चहा पिणे' लिहून आले."

त्यानंतर नवव्या दिवशी मैल्याच्या नळाचा विषय पुन्हा सभेत आला. रस्ता तोच, किनाऱ्यावरून. टेकडीला वळसा घातला असता तर काम एक वर्ष लांबलं असतं. नकाशा लेनर्डच्याच खात्याने काढला होता. त्याच्या निवृत्तीला आठ महिने होते, आणि नगरपालिकेच्या वकिलाने सकाळीच त्याला बजावलं होतं, "आठवणीवर बोलू नका. कागदावर बोला."

डोरीन आली. केस पांढरे झालेले, आईसारखीच ताठ. ती म्हणाली, "शब्द दिला होता. कागद नाही. साक्षीदार आहे, तो तिथे बसलाय." मग ती लेनर्डकडे वळली आणि रिवाजाने त्याला हाक मारली. "लेनर्ड प्रीस, उठ. काय ऐकलंस ते सांग."

नव्या नगराध्यक्षबाई म्हणाल्या, "लेनर्ड, असा शब्द खरंच दिला असेल तर आपण आजच थांबू. दिला होता का?"

एवढंच हवं होतं. 'हो.' मी काचेला कपाळ टेकून वाट पाहत होते.

लेनर्ड उठला. माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "गर्दी होती. ढोल वाजत होते. नक्की शब्द काय होते... मला नोंदी तपासाव्या लागतील."

"ढोल तू बसल्यावर थांबले होते, बाबा," डोरीन हळूच म्हणाली. "तुला ऐकू यावं म्हणूनच थांबवले होते."

हात वर झाले. नळ किनाऱ्यावरूनच न्यायचा ठराव झाला.

ऑगस्टमध्ये यंत्राच्या पात्याखाली शिंपल्यांचा थर निघाला आणि त्याखाली हाडं. मग काम थांबलं. नळ टेकडीला वळसा घालूनच गेला. पण तोवर विनीची पणजी मातीच्या ढिगात, कुणाच्या हाडांत कुणाची मिसळलेली. डोरीन आणि वस्तीतल्या बाया सहा दिवस चाळणीने माती चाळत होत्या.

आणि ऑफिसने काय केलं? दोन दिवसांचा अभ्यासक्रम तीन दिवसांचा केला.

सातव्या दिवशी डोरीन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नखांत अजून माती होती. ट्रूडी धावत आली, रडवेली. "मावशी, घेऊन जा ही. मी आत्ता पेचकस आणते. गेली माझी नोकरी तर गेली!"

डोरीनने तिच्या गालावर हात ठेवला. "दिलेलं आम्ही परत घेत नाही, पोरी. पण भिंतीला दिली नव्हती गं आईने. माणसाला दिली होती."

ती गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने.

लेनर्डच्या निवृत्तीच्या दिवशी केक कापला, टाळ्या झाल्या. सगळे गेल्यावर तो एकटा सभागृहात आला. टोपी काढली. आणि काचेला तोंड लावून त्याने सगळं सांगितलं. आग कुठल्या बाजूला होती, नगराध्यक्ष कुठे उभे होते, विनीने पिन कशी लावली. "तुम्हाला विचारल्याशिवाय त्या किनाऱ्यावर एक फावडंसुद्धा पडणार नाही." एक शब्द चुकला नाही. सगळं आठवत होतं मेल्याला! सगळं. मग त्याने डोळे पुसले, दिवा मालवला आणि घरी गेला.

घोंगडीजवळ साक्ष देऊन काय उपयोग? मला तर ते आधीच ठाऊक होतं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगणार नाही. माझ्यावरची धूळ रोज पुसतात. तुमच्या खांद्यावर कुणी विश्वासाने काही टाकलं, तर त्याची चौकट करू नका, एवढंच सांगते. आणि लेनर्ड प्रीस कुठे भेटला, तर त्याला माझा एक निरोप द्या. हाडं जागेवर येणार नाहीत, पण डोरीन अजून आहे. तिचं घर त्याच्या घरापासून गाडीने बारा मिनिटांवर आहे, आणि तिथे गाडी उभी करायला सुटे लागत नाहीत.