करडईच्या तेलाचे दोन थेंब

मी एक जुनी रायफल आहे. मित्रांनो, नाव ऐकून मागे सरकू नका. माझ्या पोटात दारू नसते, दाबून भरलेली हवा असते. मी आजवर माणूस तर सोडाच, चिमणीलाही दुखावलेले नाही. दहा मीटरवर लावलेला कागद, त्यावर एक काळे वर्तुळ आणि वर्तुळाच्या मधोमध खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका, एवढेच माझे जग.

माझा जन्म दूरच्या थंड देशात झाला. माझी नळी घडवणारे यंत्र केसाएवढी चूकही खपवून घेत नसे. तिथून जहाजाने निघाले, सरकारी कागदांत काही महिने अडकले आणि एके दिवशी लातूरला किशनच्या घरी पोचले. तेव्हा तो कॉलेजात होता. त्याने पेटी उघडली तेव्हा त्याची आई, कावेरीबाई, पदराला हात पुसत येऊन उभी राहिली.

"आगं बाई! एवढ्या पैशात सून आली असती की रे."

"आई, ही सूनच समज," किशन हसून म्हणाला.

"समजते बाबा. ही उलटून तरी बोलणार न्हाई."

त्या दिवसापासून मी त्या घरची सून झाले. किशन रोज संध्याकाळी मला खांद्याला लावी. त्याचा श्वास थांबला की मीही थांबे. आम्ही जिल्ह्यात पहिले आलो, विभागात दुसरे. वर्तमानपत्रात त्याचा आणि माझा फोटो आला, तो कावेरीबाईंनी देवघराशेजारी चिकटवला. खंडेनवमीला घरातला विळा, कोयता, शिवणयंत्र पाटावर मांडले जाई, तेव्हा माझीही पूजा होई. किशन जवळ उभा राहून सांगे, "आई, लाकडी दस्त्यावर एक बोट कुंकू. बाकी कुठं हात लावायचा न्हाई." आणि त्या ऐकत.

पुढे किशनला धर्माबादला नोकरी लागली. त्याने मला साफ केले, पेटीत निजवले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. चार वर्षे मी तिथे होते. वर्षातून एकदा उजेड दिसे, तो खंडेनवमीला. तेव्हा किशन घरी नसे.

"नवरा परमुलखात, अन् सून उपाशी," कावेरीबाई म्हणत. मग त्या शिवणयंत्रात सोडतात तसे घाण्याच्या करडईच्या तेलाचे दोन थेंब माझ्या नळीच्या तोंडात सोडत, वर हळदकुंकवाचे बोट लावत. "खा बाई. वर्षाचं खाऊन घे."

त्यांच्या हाताला माया होती. पण मित्रांनो, करडईचे तेल वाळले की डिंकासारखे चिकटून बसते. चार वर्षांचे तेल, त्यात हळदीची पूड, त्यात कुंकू. माझ्या गुळगुळीत नळीत तोंडाशी एक खरबरीत थर जमला. तो बाहेरून दिसत नव्हता. मला मात्र रात्रंदिवस टोचत होता, आणि मला सांगता येत नव्हते.

अशात एका रविवारी माझ्याकडे गिऱ्हाईक आले.

भोकरचे आनंदराज, त्यांची अकरावीतली मुलगी महामाया आणि तिचे नांदेडचे नेमबाजीचे शिक्षक विरूपाक्ष सर, असे तिघे एसटीने आले. आनंदराज फवारणीचे पंप दुरुस्त करतात. त्यांच्या बोटांच्या रेघांत काळे ग्रीस कायमचे बसलेले होते, म्हणून त्यांनी मला हात लावण्याआधी दोनदा साबण मागितला. महामाया नांदेडच्या हॉलमध्ये चार मुलींत मिळून असलेल्या एकाच रायफलवर सराव करी. प्रत्येकीची उंची वेगळी, प्रत्येकीचा खांदा वेगळा. हिने पेच आवळायचा, तिने सैल करायचा. पाच आठवड्यांवर राज्याची निवड स्पर्धा आली होती आणि तिला स्वतःची रायफल हवी होती.

"सर, एकदा नीट सांगा," आनंदराज म्हणाले. "नवी घ्यावी का जुनी?"

"नवी केव्हाही चांगली. पण आज मागवली तर यायला चार महिने. ही स्पर्धा गेली तर पुढच्या वर्षी महामाया मोठ्या गटात जाते. तिथं अनुभवी पोरी आहेत."

"म्हंजी नवी घेतली तर वर्ष जातंय, अन् जुनी घेतली तर पोटात काय निघंल ते म्हाईत न्हाई. जुनी मोटारसायकल घेताना मी लाथ मारून बघतो. हिला काय करू?"

"हिला लाथ मारू नका म्हणजे झालं."

सगळे हसले. मी हसले नाही. मला त्या फळीवर परत जायचे नव्हते. पण या मुलीच्या खांद्यावर जाऊन तिचा घात करायचीही मला भीती वाटत होती. दोन्ही भीती एकाच पेटीत बंद होत्या.

किशन मुद्दाम धर्माबादहून आला होता. तो मुलगा खोटा नाही. त्याने आपणहून माझे हवेचे सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख दाखवली. "याचं आयुष्य दहाच वर्षं असतंय, ती उलटून गेलीत सर. हे आता भरायचं न्हाई. स्पर्धेतही चालणार न्हाई. पुण्यात नवं मिळतंय, तेवढे पैसे कमी धरा."

"अन् नळी?" आनंदराजांनी विचारले.

"ठेवताना साफ करून ठेवलीय. चार वर्षांत कुणाचा हात न्हाई लागला."

त्या वेळी कावेरीबाई आत चहा गाळत होत्या. त्या बाहेर असत्या तर माझी गोष्ट तिथेच संपली असती.

किशन म्हणाला, "आठ दिवस न्या, चालवून बघा. पटली तर ठेवा."

नांदेडच्या हॉलमध्ये तशाच जातीच्या दुसऱ्या रायफलचे चालू सिलिंडर मला बसवले. महामायाने दस्त्यावरची गाल टेकवायची फळी आपल्या गालाला जुळवली. तिचा हात हलका होता. ती घोड्याला बोट लावी तेव्हा पान देठावरून सुटावे तशी मी सुटे. पहिला छर्रा दहावर, म्हणजे मधल्या ठिपक्यावर. दुसरा दहा. तिसरा नऊ. चौथा दहा. मला वाटले, निभावेल कदाचित. पण पाचव्या छर्‍याने त्या थराचा एक कण उचलला आणि छर्रा सातवर जाऊन पडला.

महामायाने डोळा मिटून उघडला. पुन्हा नेम धरला. दोन चांगले, मग एक आठ. तीन चांगले, मग एक सात.

"खांदा सैल पडतोय," सर मागून म्हणाले. "श्वास लवकर सोडतेस."

सरांची तरी काय चूक? न वापरलेली नळी साफच असणार असे त्यांनीही धरले होते. ट्रिगर तपासला, नेम धरायची कडी तपासली. सगळे ठीक होते. मग उरली कोण? मुलगी.

तीन दिवस असेच गेले. ती सकाळी भोकरहून येई, दुपारी मान खाली घालून परत जाई. चौथ्या दिवशी तिने मला स्टँडवर ठेवले आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. आनंदराज न्यायला आले होते.

"बाबा, ही परत देऊन टाका."

"बरं. मंग नवीचं सांगू का सरांना?"

"नवी पण नको." तिचा आवाज बारीक झाला. "हातच बरोबर न्हाई माझा. रायफल कुठलीही आणली तरी हात तोच राहणार ना?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट क्षण. पेटीत चार वर्षे राहिले त्याचे मला एवढे वाटले नव्हते. एक खरा हात माझ्यामुळे स्वतःला खोटा समजू लागला होता, आणि मी लोखंडासारखी गप्प होते.

आनंदराज तिच्याशेजारी बसले. तिने चार दिवसांत नेम मारलेले सगळे कागद त्यांनी मांडीवर पसरले.

"माया, हे चुकलेले सगळे नेम उजवीकडंच का गेलेत गं?"

"माझा हात तिकडं जातोय."

"पण मधले तीन-तीन अगदी एका भोकात हायेत. हात वाईट असता तर सगळेच भरकटले असते." त्यांनी एक कागद उजेडाकडे धरला. "माझ्याकडं बाया पंप घेऊन येतात. म्हणतात, भाऊ, फवारा तिरका जाऊन राहिला, मलाच धरता येत न्हाई. मी त्यांच्या हाताला नावं ठेवत न्हाई. पंप लोखंडी शिकंज्यात आवळतो अन् कोरड्या भिंतीवर मारून बघतो. शिकंज्याला तर हात नसतोय ना?"

विरूपाक्ष सर जवळ येऊन उभे होते. ते म्हणाले, "उद्या शिकंजा आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराज भोकरच्या दुकानातला तो जड शिकंजा पोत्यात घालून एसटीने घेऊन आले. "कंडक्टर म्हणला, ह्याचं बी तिकीट काढा," असे सांगत त्यांनी तो टेबलाला आवळला. त्याच्या जबड्यात गोधडीचे तुकडे घातले. "नळीला नको, दस्त्याला धरा," सर म्हणाले. मला अलगद धरले. आता मला ना खांदा होता, ना श्वास, ना कुणाचे बोट थरथरत होते.

सरांनी एकामागून एक दहा छर्रे सोडले. मला लाजेने जीव नकोसा झाला होता, आणि आतून मी ओरडत होते: भरकट, आज तरी भरकट, सगळ्यांना दिसू दे!

सहावा सातवर गेला. नववा आठवर. दोन्ही उजवीकडे.

महामाया कागदाजवळ गेली, त्या भोकावर तिने बोट ठेवले आणि तिथेच हुंदका आला तिला.

"रडतीस कशाला? आता तर मोकळी झालीस," आनंदराज म्हणाले.

"म्हणूनच," ती म्हणाली.

सरांनी सिलिंडर काढले, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि सफाईच्या दोरीला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा लावून मागून पुढे ओढला. तो पिवळाधमक निघाला. दुसरा निघाला तो लाल. आनंदराजांनी वास घेतला.

"करडईचं तेल. हे अन् इथं?"

किशनला फोन लावला. तो शपथेवर सांगू लागला की कुणी हात लावलेला नाही. मग म्हणाला, आईला विचारतो, आणि थोड्या वेळाने लातूरहून कावेरीबाईंचाच फोन आला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"मीच सोडलं हो तेल. दर सालाला. मला वाटलं, यंत्र हाय, उपाशी राहील. पोरीला लई तरास झाला का?"

महामायाने फोन घेतला. "झाला आजी. पण आता कळलं ना, तर ठीक झालं."

"मी तिचं भलं करायला गेले गं."

"म्हाईत हाय आजी."

सफाईला दोन दिवस लागले. नमदे पांढरे निघेपर्यंत सर ओढत राहिले. मग पुन्हा शिकंजा, पुन्हा दहा छर्रे. दहाही छर्‍यांचे मिळून एकच भोक झाले, कडेने जरा फाटलेले, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढे.

तरी निर्णय सोपा नव्हता. सर म्हणाले, "आनंदराज, अजूनही नवीसाठी थांबायचं असेल तर मी नाही म्हणणार नाही. जुनी ती जुनीच."

आनंदराजांनी मुलीकडे पाहिले. "तू सांग. खांदा तुझा हाय."

महामायाने मला उचलले, गालाला लावले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी श्वास धरून होते.

"नवीच्या पोटात काय असंल ते मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "हिच्या पोटातलं सगळं आपण बघितलंय. हीच घेऊ."

पैसे द्यायला आनंदराज मला घेऊन लातूरला गेले, आणि तिथून मी कायमची निघाले तेव्हा कावेरीबाईंनी माझी ओटी भरली. म्हणजे पेटीची. हळदकुंकवाचे बोट त्यांनी माझ्यापासून चांगले हातभर लांब धरले आणि विचारले, "पेटीवर लावलं तर चालंल का, भाऊ?"

"पेटीवर कितीबी लावा मावशी," आनंदराज म्हणाले. ते बोट अजून झाकणावर आहे. कुणी पुसले नाही.

स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझे सिलिंडर फिरवून तारीख वाचली. नवे सिलिंडर होते, तरी माझा ऊर धडधडला. मग आम्ही रांगेत उभे राहिलो. सव्वीस छर्रे नऊच्या खाली गेले नाहीत. सत्ताविसावा आठवर गेला.

मी गारठले. आता ती खुर्चीवर जाऊन बसेल, असे वाटले. महामायाने मला स्टँडवर टेकवले, खांदा एकदा गोल फिरवला आणि स्वतःशीच पुटपुटली, "हा माझा होता. खांदा उचलला मी." आणि चक्क हसली. पुढचा छर्रा दहावर गेला.

निवडीच्या यादीत तिचे नाव शेवटून दुसरे होते. आनंदराजांनी ते तीनदा वाचले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुनी वस्तू घ्याल तेव्हा ती किती वापरली हे विचारा, तसे ती न वापरता कशी सांभाळली हेही विचारा. ते घरातल्या सगळ्यांना विचारा, चहा गाळणाऱ्या माणसालासुद्धा. ज्याची जपणूक करता त्याला काय लागते ते आधी जाणून घ्या. आणि नेम चुकला तर आपल्या हाताला नावे ठेवण्याआधी एकदा नळीत डोकावून बघा. नळी साफ असेल, तर मात्र हात आपलाच असतो, आणि तो सुधारता येतो.

यंदाच्या खंडेनवमीला भोकरच्या घरात दुसऱ्या दिवशी पुढच्या स्पर्धेसाठी नागपूरला जायचे म्हणून पिशव्या भरायची गडबड होती. तेवढ्यात लातूरहून फोन आला.

"माझ्या सुनंला आज काय खायला घातलं गं?"

महामायाने माझ्यावरून कोरडे फडके फिरवता फिरवता सांगितले, "काही न्हाई आजी. नुसती हवा."